नाव नसलेली सळई

“हे काय आहे?”

विचारणाऱ्याने छत्री मिटलेली नव्हती. तिच्या काड्यांवरून निथळणारे पाणी शेगडीच्या कडेवर पडत होते आणि प्रत्येक थेंबासरशी निखाऱ्यांतून एक बारीकसा फुत्कार उठत होता. त्याचे बोट काचेआड मांडलेल्या सळयांपैकी एकीवर स्थिर होते. पांढरट, गुळगुळीत, अंगठीसारखे पोकळ तुकडे ओवलेली ती सळई.

शेगडीमागे उभ्या असलेल्या युनहेने मान वर केली. बोट तिथेच ठेवून, डोळे अर्धवट मिटून, हनुवटी किंचित उचलून तो तरुण वास घेत होता... सावकाश, एकेक गंध निवडून निराळा ठेवावा तसा.

वास घेणाऱ्या माणसांची तिला अलीकडे फार भीती वाटे.

“आधी ती छत्री मागे घ्या,” ती म्हणाली. “निखारे विझवायला आलात का?”

“नाव विचारायला आलो.” त्याने छत्री मागे घेतली, आता तो स्वतःच भिजू लागला. “नाव ठाऊक नसलेली वस्तू आम्ही तोंडात घालत नाही.”

“आम्ही म्हणजे कोण? राजघराणं?”

“युन्नानची माणसं. आमच्या डोंगरांत पावसानंतर नाना जातींची अळंबी उगवते. त्यातल्याच एकीनं माझा काका नेला. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे... ज्याचं नाव घेता येत नाही, ते ताटात घ्यायचं नाही.”

शेगडीच्या उबेला आपले ठरलेले बाकडे धरून बसलेल्या फा आजींनी कलेजीची सळई तोंडातून बाहेर काढली. म्हातारीला दात नव्हते, पण जिभेला धार होती. “मग उपाशी मर, अळंबीवाल्या. कोपऱ्यावर सुक्या मालाचं दुकान उघडलंय ते तूच ना? नाव काय तुझं? नाव ठाऊक नसलेल्या माणसाशी आम्हीही बोलत नाही.”

“बाओ शियुआन, आजी. सलाम.”

“वालेकुम. पोरी, सांग याला काय ते.”

युनहेला तो तिथून जायला हवा होता. दुसरे काहीही नको होते. म्हणून ती तुटकपणे म्हणाली, “आम्ही नावं सांगत नाही. ओळखता आलं तर ओळखा.”

हे वाक्य भीतीने उच्चारलेले होते; पण ऐकणाऱ्याने ते आमंत्रण म्हणून स्वीकारले. भ्यालेल्या माणसाचे शब्द त्याच्या भीतीशी इमान राखतातच असे नाही.

“स्प्रिंगसारखं दिसतंय,” काचेवर वाकून तो म्हणाला. “मेंढीचं आतडं?”

“चूक.”

“मग उद्या पुन्हा येतो.” आणि पावसाचे निमित्त करून त्याने फा आजींना आपल्या छत्रीतून घरापर्यंत पोचते केले.

*

चीनमधल्या जिनान शहरातल्या मशिदीमागच्या त्या गल्लीत शेगड्या पुष्कळ होत्या; परंतु शा यांच्या शेगडीची एक रीत होती, आणि गल्लीचा विश्वास त्या रीतीवर होता. रोज सकाळी मांस आले की युनहेचे वडील चरबीचा एक तुकडा जळत्या निखाऱ्यावर ठेवीत. युनहे त्या धुरावर वाकून एक दीर्घ श्वास घेई आणि मान हलवी. ती होकाराची मान हलली की मगच सुरी चाले. याला घरात ‘नाक लावणे’ म्हणत. उभा जन्म धुरात गेल्यामुळे म्हाताऱ्या शांचे स्वतःचे नाक केव्हाच जळून गेले होते, दृष्टीही अधू झाली होती. पण लेकीच्या नाकाचे कौतुक ते मशिदीच्या पायरीवर बसून सांगत: मेंढी कोणत्या कुरणात चरली तेदेखील माझी पोर सांगते म्हणून.

गेल्या थंडीत युनहेला ताप आला. ताप उतरला, आणि त्याच्याबरोबर तिचे नाक गेले.

प्रथम तिला ते समजलेच नाही. मग एके दुपारी चुलीवर दूध करपून कोळसा झाले, शेजारीण धावत आली, आणि युनहे मात्र त्याच चुलीशी कांदा चिरीत बसलेली. त्या रात्री तिने पेटीतली आईची शाल काढून तोंडावर ओढून घेतली. आई जाऊन वर्षे लोटली होती, पण त्या लोकरीत ती थोडीशी शिल्लक असे. आता ती तिथेही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी निखाऱ्यावर चरबी ठेवली. युनहे वाकली, तिने श्वास घेतला. काहीच आले नाही. नुसती ऊब. आणि तिने मान हलवली.

तेव्हापासून ती रोज मान हलवीत होती.

याला लबाडी म्हणायचे की भीती, असा वाद कोणी घालील. माझ्या मते त्या वादात अर्थ नाही, कारण युनहेच्या मनात दोन्ही एकच झाली होती. दिंग यांची शेगडी तिने पाहिली होती. त्यांच्या परातीत एकदा भलतेच मांस सापडले. त्यावर कोणी आरडाओरडा केला नाही की दगड मारला नाही. गल्लीने फक्त त्यांना सलाम करणे थांबवले. दिंगांनी रिवाजाप्रमाणे हलालची हिरवी पाटी उतरवून तिचे तोंड भिंतीकडे केले. ते तोंड पुन्हा कधी रस्त्याकडे वळले नाही. एका सकाळी घराला कुलूप दिसले. “शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं,” म्हातारे शा त्या वेळी म्हणाले होते.

*

शियुआन रोज संध्याकाळी येऊ लागला.

कलेजी त्याने बघताच ओळखली, गुर्दा कापाच्या आकारावरून, तिल्ली रंगावरून. शिरा ओवलेल्या सळईपाशी तो अडला आणि भलतेच नाव सांगून फा आजींचा मार खाता खाता वाचला. ती पोकळ पांढरी सळई मात्र त्याला हटकून हरवी. तो ती भाजून मागे, चवीने कुरुमकुरुम खाई, बोटे चाटी, आणि मग गंभीरपणे एखादे अशक्य नाव सांगे.

“मेंढीची श्वासनळी.”

“चूक.”

“माकुल.”

“समुद्र कुठे आहे इथं?”

“मग एखाद्या भिक्षूच्या कानाची पाळी.”

युनहेला हसू फुटले. तिने ते ओढणीआड लपवले, आणि लपवताना विंझणा हातातून निसटून निखाऱ्यांत पडता पडता राहिला. त्याने तो वरच्यावर झेलला. परत देताना त्याची बोटे तिच्या बोटांना क्षणभर... फार तर एक क्षणभर... लागली. निखाऱ्यांशी जन्म काढलेल्या त्या हाताला तेवढेच कसे भाजले, याचे तिला नवल वाटले.

“हा मांस ओळखायला येतो की माणूस?” फा आजींनी निखाऱ्यांना विचारले.

“आजी, तुमची कलेजी गार होतेय,” युनहे म्हणाली.

“माझी कलेजी कधीच गार झाली. तुझीच जपून ठेव.”

पण घरी गेल्यावर हे हसू आपल्याला महागात पडेल असे तिला वाटे. नाकानेच जगणारा हा मनुष्य. सुक्या अळंबीची पोती हुंगून तो डोंगर सांगतो, उतार सांगतो, पाऊस सांगतो. त्याच्याजवळ जावे, तर तो आपले बिंग जाणणार. दूर राहावे... तर दूर राहवत नव्हते.

एका संध्याकाळी त्याने कागदात बांधलेली एक पुडी तिच्या हातात ठेवली. “आमच्या डोंगरातली. उघडू नका अजून. नुसता वास घ्या.”

तिने पुडी नाकाशी नेली, डोळे मिटले, सकाळी घेई तसा दीर्घ श्वास घेतला. “अहाहा,” ती म्हणाली, “किती गोड वास!”

डोळे उघडले तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. तो पुडीकडे पाहत होता. मग त्याने ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली, खिशात टाकली, आणि म्हणाला, “हो... गोड असतो खरा.”

भ्यालेला माणूस कमी पाहतो, ही समजूत चुकीची आहे. तो गरजेपेक्षा अधिक पाहतो. त्या एका ‘हो’मध्ये युनहेला भिंतीकडे तोंड केलेली पाटी दिसली, कुलूप दिसले, मशिदीच्या पायरीवर एकटेच बसलेले वडील दिसले. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. तो पूर्वीसारखाच येई, चुकीची नावे सांगे. ती “चूक” म्हणे आणि पाठ फिरवी.

*

अशात एका गार सकाळी मांस आले. ते आणणारा नेहमीचा म्हातारा आजारी होता. दुसरेच कोणी टोपल्या उतरवून निघून गेले. पण टोपलीवर खूण त्याच ओळखीच्या घराची होती, आणि आपल्यातल्याच घराकडून आलेल्या मांसाला प्रश्न विचारणे ही त्या गल्लीत नुसती शंका नव्हे, अपमान समजला जाई. वडिलांनी चरबी निखाऱ्यावर ठेवली. युनहेने मान हलवली.

मग दोघांनी सळया ओवल्या. काम संपल्यावर युनहेने डब्यात भरून ठेवलेल्या झऱ्याच्या गार पाण्यात हात बुडवले, आणि ते एकदम स्वच्छ निघाले.

ती थबकली. मेंढीची चरबी अशी सुटत नाही. ती बोटांवर मेणासारखी थिजते; ऊन पाणी आणि राख घेऊन घासल्यावाचून जात नाही. युनहेने आपल्या बोटांकडे पाहिले. बोटे काहीतरी सांगत होती. पण ते ऐकायचे म्हणजे वडिलांना हाक मारायची. आणि हाक मारली की ते विचारणार: मग नाकाला कसं कळलं नाही?

तिने हात पुसले आणि ती गप्प राहिली.

संध्याकाळची नमाज सुटली. ढग निवळले होते, वारा बोचरा होता. माणसे मशिदीतून उतरून शेगडीभोवती जमू लागली. शियुआनही आला. आज त्याने पोकळ सळईऐवजी कोकराची मागितली. एक घास घेतला, आणि त्याचा जबडा थांबला. उरलेली सळई त्याने हलकेच थाळीत ठेवली.

“हे काय आहे?”

प्रश्न पहिल्या दिवसाचाच होता. आवाज तो नव्हता.

“कोकराचं,” युनहे म्हणाली. “कोकराचं मांस... दुसरं काय असणार?”

“युनहे.” त्याने तिला प्रथमच नावाने हाक मारली. “हे बदक आहे. मेंढीच्या मांसाच्या पाण्यात मुरवलंय. पण पाणपाखराचा वास लपत नाही, चिखलासारखा खाली बसून राहतो.”

“हळू बोला... तुमच्या पाया पडते, हळू.”

“मी मोठ्यानं बोलणार नाही. कोळसा ओलावला म्हणून सांग, परात आत ने, माणसं घरी जातील.” तो आणखी खालच्या आवाजात म्हणाला, “मला ठाऊक आहे. त्या पुडीत अळंबी नव्हती. घाईत डांबराच्या गोळ्यांची पुडी उचलून आणली होती मी. तूही घाबरली होतीस, आणि तुला काही द्यायचं म्हणून मीही. मी कुणाला सांगितलं नाही. सांगणारही नाही.”

युनहेने परातीच्या कडेवर अंगठा फिरवला. एवढ्या वाऱ्यात तिथे ओघळलेली चरबी केव्हाच पांढरी होऊन थिजायला हवी होती. अंगठ्याखाली ती तेलासारखी सरकली.

हा पक्षी कोणी कापला, कुठे कापला, कोणाचे नाव घेऊन कापला... कोणास ठाऊक? आणि परात आत नेली तर कोणालाच कळणार नव्हते. तो गप्प राहणार होता. वडिलांना दिसत नव्हते. उद्या सकाळी ती पुन्हा मान हलवणार होती, परवाही, आणि तेरवाही.

तिने परातीला हात घातलाच होता, इतक्यात तिची नजर बाकड्यावर गेली. कलेजी संपल्यामुळे फा आजींनी आज कोकराची सळई घेतली होती. बोळक्या तोंडासमोर धरून त्या ती फुंकरीने निववीत होत्या.

युनहे धावली आणि तिने ती सळई म्हातारीच्या हातातून हिसकावून घेतली.

“अगं भवाने! दात तर गेलेच, आता हातातलंही काढून घेतेस?”

तिने झऱ्याच्या पाण्याचा डबा उचलला आणि निखाऱ्यांवर उपडा केला. पांढऱ्या वाफेचा एक लोट उठला, आणि त्या वाफेतून तिचाच आवाज तिला परक्या बाईचा वाटावा तसा ऐकू आला.

“खाऊ नका कोणी. हे कोकरू नाही. बदक आहे. कोणी कापलं, ठाऊक नाही.”

वाफ विरली. सगळे तिच्याकडे पाहत होते. वडील चाचपडत पुढे आले. “काय बोलतेस? सकाळी नाक लावलंस ना?”

“लावलं होतं.” ती त्यांच्याकडे वळली. “बाबा, मला... मला वास येत नाही. थंडीतल्या तापापासून. इतके दिवस मी नुसतीच मान हलवत होते.”

कोणीतरी तोंडातला घास पानात काढला. कोणी तोंड पुसले.

“अजाणता खाल्लं त्याला दोष नाही,” फा आजी म्हणाल्या. मग त्यांनी युनहेकडे रोखून पाहिले. “पण तुला कधी कळलं?”

“सकाळी. बोटांना कळलं होतं. मी भ्याले.”

माणसे उठली, सळया थाळीत ठेवून एकेक करून निघून गेली. जाताना कोणी सलाम केला नाही. म्हाताऱ्या शांनी स्टूल ओढले, त्यावर चढून हिरवी पाटी उतरवली आणि तिचे तोंड भिंतीकडे केले. शियुआन स्टूल धरायला पुढे झाला; त्यांनी त्याला हाताने दूर सारले.

*

शेगडी थंड पडली. वडील घरात बोलत नव्हते. युनहे दाराआडून गल्लीतली पावले ऐके. दारापाशी आली की ती पावले किंचित भरभर पडतात असे तिला वाटे, आणि मग खात्री होई. दिंगांकडे कुलूप लागले त्या सकाळचा आवाज तिला आठवत राही.

मशिदीतली वडीलधारी माणसे म्हाताऱ्या शांना घेऊन मांस पाठवणाऱ्याकडे जाऊन आली. आजाऱ्याने अंथरुणातूनच कान धरले. त्याच्या पाठीमागे त्याच्या पुतण्याने हा धंदा केला होता. परत आल्यावर म्हातारे शा उंबऱ्यावर बसले.

“मला का नाही सांगितलंस?” त्यांनी विचारले.

“तुम्ही सगळ्यांना माझ्या नाकाबद्दल सांगितलं होतं...”

“गाढवे! माझं नाक गेलं तेव्हा मी तुला सांगितलं होतं की नाही?” म्हाताऱ्याचा आवाज फुटला. “एकाच घरात दोघं बिननाकाची, आणि एकाला दुसरीचा पत्ता नाही!”

युनहे त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवून रडली. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. तो हात मेंढीच्या चरबीने कायमचा मऊ झालेला होता. तिला तो जाणवला, आणि बोटांना अजून किती कळते हे तिला त्या वेळी प्रथम समजले.

शहराबाहेरच्या एका गावातून शांनी स्वतः निवडून आणलेले कोकरू एके सकाळी मशिदीच्या इमामांसमोर कापले गेले. शेगडी पेटली. गल्लीतली माणसे आली होती. परंतु समोरच्या बाजूला, भिंतीला टेकून उभी होती. पाटी अजून भिंतीकडे पाहत होती.

वडिलांनी मांसाची परात युनहेपुढे ठेवली. “बोटांनी बघ.”

तिने चरबीचा पापुद्रा अंगठ्याखाली चोळला, तंतू उलगडून पाहिले, गार पाण्यात बोटे बुडवली. ती स्वच्छ निघाली नाहीत; मेणासारखा जाड थर तसाच राहिला. “कोकराचं आहे,” ती म्हणाली. “माझ्या बोटांवरून सांगते. नाकावरून नाही.”

समोरच्या भिंतीपाशी माणसे एकमेकांकडे पाहू लागली.

म्हाताऱ्या शांनी चरबीचा तुकडा निखाऱ्यावर ठेवला आणि गर्दीकडे मान वळवली. “तो अळंबीवाला आलाय का? ये पुढे. आजच्यापुरतं नाक उसनं दे.”

शियुआन आला, वाकला. युनहे त्याच्या मानेकडे बघत राहिली. तिच्या आयुष्याचा निवाडा आता त्या मानेच्या हालचालीवर होता, आणि ती मान नेमकी त्याचीच असावी याची तिला भीतीही वाटली, आणि... दुसरेही काही वाटले.

त्याने मान हलवली. “कोकरू,” तो म्हणाला. “आणि डोंगरउतारावरच्या गवताचं.”

फा आजी उठल्या. काठी टेकत त्या शेगडीमागे गेल्या आणि काठीच्या टोकाने त्यांनी हिरवी पाटी फिरवून रस्त्याकडे केली. “बघत काय बसलात सगळे? मी काय उपाशी मरू? सलाम, शा. कलेजी टाक.”

दुसरा सलाम यायला वेळ लागला. पण आला. मग तिसरा.

संध्याकाळी पुन्हा झिमझिम सुरू झाली. शियुआन छत्री मिटून शेगडीशी उभा राहिला आणि त्याने काचेआड बोट दाखवले. युनहेने ती पोकळ सळई निखाऱ्यावर धरली, जिरे-मिरची शिंपडली.

“कसा येतो हो वास?” तिने खाली पाहतच विचारले.

“जिऱ्याचा आधी येतो. मग धुराचा. मग... पावसात भिजलेल्या ओढणीचा.”

“तो सळईचा नाही.”

“सळईचा कुठे विचारलास तू?” त्याने सळई घेतली. “आज शेवटचा प्रयत्न करू का? हे बहुधा...”

“थांबा.” तिच्या हातातला विंझणा थबकला. “नाव ठाऊक नसलेली वस्तू तोंडात घालत नाही, असं म्हणाला होतात ना तुम्ही?”

“म्हणालो होतो.”

“आणि ही सळई तर तुम्ही रोज खात होतात.”

त्याचे कान लाल झाले. त्याने बाकड्याकडे पाहिले. फा आजींना समोरच्या छपरावरचा पाऊस एकाएकी फार पाहण्यासारखा वाटू लागला होता.

“पहिल्याच दिवशी...” तो म्हणाला. “आजींना छत्रीतून सोडायला गेलो, तेव्हाच त्यांनी सांगितलं.”

“मग ती श्वासनळी? माकुल? भिक्षूचा कान?”

“खरं नाव सांगून टाकलं असतं, तर दुसऱ्या दिवशी यायला कारण काय उरलं असतं? रोज येताना भीती वाटायची मला. आज चुकून तोंडातून बरोबर नाव निघून जाईल म्हणून.”

युनहेने विंझणा खाली ठेवला. निखाऱ्यावर एक थेंब पडला, फुत्कारला आणि विरून गेला.

“आता सांगा,” ती म्हणाली.

“बैलाच्या हृदयाची नळी.”

“बरोबर.” तिने नजर वर केली. “आता तुम्हाला यायला कारण उरलं नाही.”

“नाही उरलं.”

“मग...” जुनीच भीती पुन्हा आली, पण या खेपेस ती त्या भीतीसकटच बोलली. “मग उद्यापासून कारणाशिवाय या.”